झोपायच्या गाडीतून कोकण

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. चार माणसं रोज एकाच बाकड्यावर बसली आणि कुणालाच घरी जायची घाई नसली, की ते आपोआप साठतात. जुन्या जालन्यात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. पेरणीचे दिवस सोडले तर आत गिऱ्हाईक कमी आणि बाहेरच्या बाकड्यावर गर्दी जास्त!

बाकड्याचे कायमचे मेंबर दोन. एक बापूराव. जन्मभर लोखंडी सळयांचा ट्रक चालवला, आता रिटायर. दुसरे गणपततात्या. वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, तात्या शाळेत क्लार्क झाले आणि आता गावाबाहेरच्या शेतात रमलेत. मागच्या वर्षी आम्ही बायकांना घेऊन कोकणात कॅम्पिंगला जायचं ठरवलं आणि बाकड्याला काही महिने दुसरा विषयच उरला नाही.

*

सुरुवात माझ्या मुलाने केली. तो पुण्यात असतो. त्याने मोबाइलवर कॅम्परव्हॅनचा व्हिडिओ पाठवला. गाडीतच पलंग, गाडीतच फ्रिज, गाडीतच संडास! तात्यांनी तिचं नाव तिथेच ठेवलं, ‘झोपायची गाडी’.

"संडास हाय ते बराबर," तात्या म्हणाले, "पण एक माणूस आत बसलेला, आन् बापूरावनं गचकन ब्रेक मारला, मंग?"

बापूराव दुखावले. "तात्या, माझ्या ट्रकातली सळई कधी जागची हालली न्हाई!"

"सळई तुम्ही बांधून ठिवता!"

त्या दिवशी बापूराव चहा न पिताच घरी गेले.

*

तरी गाडीची चौकशी त्यांनीच करावी असं ठरलं, कारण गाड्यांमधलं कळणारा माणूस तोच. पुण्याच्या एका गाडीवाल्याला फोन लावला, स्पीकर चालू केला. पलीकडचा पोरगा गोड आवाजात म्हणाला, "सर, चार बेड आहेत, किचन आहे, वर सोलर आहे."

"ते ऱ्हाऊ द्या. माल किती बसतो?"

"माल? सर, ही हॉलिडेची गाडी आहे."

"हो, पण जाताना रिकामी न्यायची का? इकडून मोसंबी भरू. येताना नारळ. रिकामी गाडी पळवणं म्हंजी पाप हाय, साहेब!"

पोरग्याने गाडी दुरुस्तीला गेली आहे असं सांगून फोन ठेवला. पुढच्या वेळी फोन माझ्या मुलाने केला आणि मोसंबीचा विषय काढायचा नाही अशी बापूरावांना शपथ घातली.

*

कॅम्पिंगच्या जागेचं बुकिंग तात्यांकडे होतं. समुद्राकाठी नारळाच्या वाडीत एकाने गाड्या उभ्या करायची सोय केली होती. तो कोकणी माणूस उत्साहाने सांगत होता, "गाडीच्या दारातून पाणी दिसतं हो! रात्रभर लाटांचा आवाज!"

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते बिलकुल ठीक. पण नळ किती दिवसांनी येतो?"

पलीकडे बराच वेळ फक्त लाटांचा आवाज येत होता.

हसू नका. आमच्याकडे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, आणि ते येणार असलं की माणसं लग्न गाठायची राहतात. आमची पहिली तारीख त्यापायीच रद्द झाली. नेमकं निघायच्या दिवशी पाणी येणार असल्याची खबर आली. मंगल, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, "समुद्र उद्याबी तिथंच ऱ्हाईल. नळ न्हाई राहायचा!"

*

ह्याच मंगलला मी मोठ्या कौतुकाने गाडीचं किचन दाखवलं. शेगडी, बेसिन, कप्प्यांत बसणारे डबे. तिने फोन परत दिला.

"म्हंजी सैपाकघर माझ्या मागं मागं कोकणात येणार? मंग मी इथंच बरी!"

बापूरावांच्या सरूवहिनी तिच्याच बाजूने. शेवटी तह झाला. प्रवासात स्वयंपाक पुरुषांनी करायचा. त्याची रंगीत तालीम तात्यांच्या शेतात ठेवली. बायका खुर्च्या टाकून बसल्या आणि आम्ही पिठलं केलं. म्हणजे पिठलंच करायला घेतलं होतं. ते पळीला चिकटलं ते सुटेना. बापूराव पळी उलटी धरून उभे राहिले, तरी पिठलं खाली पडलं नाही.

सरूवहिनींनी एक घास चाखला आणि मंगलला धीर दिला, "आमचे हे सांगतात, समुद्रावर कुत्री लई असतात. वाया जाणार न्हाई."

*

त्याच दिवशी तंबूचीही तालीम होती. गाडीत बेड चारच, म्हणून तात्यांसाठी तंबू घेतला होता. तात्या तंबूकडे पाठ करून बसले.

"माझ्या बापानं मेंढरांमागं हिंडत जल्म पालात काढला. मला शाळेत घातलं, का? तर पोरगं पक्क्या छपराखाली झोपावं. आन् आता मी खर्चा करून परत पालात झोपू?"

बोलणं खरं होतं. मग जेवणं झाल्यावर, नुसतं बघून येतो म्हणून तात्या आत शिरले. ऊन कललं तरी बाहेर येईनात. शेवटी आम्ही तंबूच्या दोऱ्या सोडायला लागलो, तेव्हा आतून जांभई देत आवाज आला, "आज ऱ्हाऊ द्या की. दोन दिसांनी सोडा!"

*

ह्या सगळ्यात खरं अडलं होतं सरूवहिनींचं. बापूराव कितीतरी वर्षं रत्नागिरीला सळया पोचवायचे. दर खेपेला घरी आले की वहिनींना समुद्राच्या गोष्टी सांगायचे. लाट कशी येते, सूर्य पाण्यात कसा बुडतो, पायाखालची वाळू कशी सरकते. वहिनी त्याच गोष्टी गल्लीतल्या पोरांना सांगायच्या, इतक्या रंगवून, की पोरं त्यांना समुद्रवाली काकू म्हणतात. पण स्वतः त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगितलेलं. त्याआधी आपल्या पायांनी वाळूत चालायचं, एवढीच त्यांची हौस.

आणि नेमके बापूरावच तारखा मोडायला लागले! एकदा म्हणाले घाटात दरड आहे. एकदा म्हणाले गाडीचे टायर बरोबर दिसत नाहीत, तेही फोटोत बघून. मी त्यांना घरी गाठून म्हटलं, "बापूराव, अर्धं आयुष्य घाटात काढलं तुम्ही, आता काय झालं?"

"जाऊ की भाऊ. समुद्र कुठं पळून चाललाय?"

वहिनी दारातच उभ्या होत्या. "समुद्र न्हाई पळत. माझे गुडघे पळून चालले!"

मला खरं सांगायचं तर बापूरावांचा रागच आला. बाईमाणूस आयुष्यात एक गोष्ट मागतं आणि हा गडी टायर बघतो! दुसऱ्याच दिवशी मी त्यांना न विचारता गाडी बुक करून टाकली.

*

गेलो एकदाचे. गाडी बापूरावांनीच चालवली, आणि ब्रेक इतका हळू दाबला की तात्यांनी आतून शाबासकी दिली. नारळाच्या वाडीत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गाडीतून उतरल्या उतरल्या वहिनींनी चपला काढल्या आणि आवाजाच्या दिशेने निघाल्या. गुडघे दुखत असतील, पण थांबल्या नाहीत. मंगलने हात पुढे केला, तोही घेतला नाही. बापूराव सगळ्यांच्या मागे रेंगाळत होते.

सुरूची झाडं संपली आणि एकदम समोर समुद्र!

वहिनी जागीच थांबल्या. डोळ्यांना पदर लावला. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

एवढ्यात बापूराव आम्हा सगळ्यांना ओलांडून पुढे गेले. पायावर लाट आली तसे दचकून दोन्ही पाय उचलून मागे पळाले. मग पुन्हा दबकत पुढे गेले, वाकले, ओंजळीत पाणी घेऊन तोंडाला लावलं आणि लहान पोरासारखे ओरडले,

"आयला! सरू, हे तर खरंच खारट हाय गं!"

आम्ही सगळे बापूरावांकडे बघायला लागलो. बापूराव वहिनींकडे बघायला लागले. ओठांवरचं खारं पाणी पुसायचंही त्यांना सुचेना.

वहिनींनी साडी थोडी वर खोचली. सावकाश पाण्यात गेल्या आणि नवऱ्याचा हात धरला.

"या असं पुढं. भ्यायचं न्हाई. मी सांगते तुम्हाला समुद्र कसा असतो."