चार कानांची गोणी

गोणीला कान असतात, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. भरलेल्या गोणीचं तोंड शिवताना दोन्ही टोकांना मूठभर तरट मोकळं सोडायचं, त्यात एकेक कांदा कोंबायचा आणि बाहेरून सुतळीचे वेढे देऊन गच्च आवळायचं. झाले दोन कान. उचलणाऱ्याची बोटं तिथं रुततात, पकड बसते आणि साठ किलोचं धूड अंगावर येतं. कान नसले तर ती नुसती फुगलेली वस्तू. तिला धरायला जागा नाही.

पिंपळगाव बसवंतला महामार्गाच्या कडेला एक कांद्याचं खळं होतं. व्यापाऱ्यानं घेतलेला कांदा तिथं यायचा, बाया तो निवडायच्या, आणि फकिरा गोण्या शिवायचा. कांदा सगळ्यांचा सारखाच लाल. पण ह्या खळ्यावरच्या गोणीला चार कान असायचे. दोन तोंडाला, दोन बुडाला. असे चार कान आख्ख्या पिंपळगावात दुसरा कोणी बांधत नव्हता.

फकिरा मूळचा हरसूलकडचा, डोंगरातला. पंचवीस वर्षांचा असताना तो आणि त्याचा जोडीदार बुधा एकाच आठवडे बाजाराच्या दिवशी एकाच टेंपोत बसून खाली आले. बुधाची पाठ दारासारखी रुंद, तो हमाल झाला. फकिरा वाळक्या अंगाचा, त्याच्या हाती दाभण आलं. बुधा गोणी उचलायला वाकला की आधी कान चाचपायचा आणि फकिराकडं बघून म्हणायचा, "तू कान लावीत जा गड्या, मी वाघबी उचलीन. बिनकानाचं जनावर धरू कुठून?"

चौऱ्याण्णव सालच्या चैत्रात मुंबईच्या बंदरावर एक जहाज उभं होतं आणि खळ्यावरची गाडी निघायला उशीर झाला होता. मुकादम डोक्यावर उभा. शेवटच्या वीस गोण्या राहिल्या तेव्हा फकिरानं घाई केली. तोंडं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ शिवून टाकली, कान सोडले नाहीत. वीसच तर होत्या. वेळ वाचला, एवढंच त्याच्या मनात आलं.

त्यातलीच एक गोणी घेऊन बुधा फळीवरून गाडीत चढत होता. त्यानं तरटाची चुणी धरली होती. चुणी सुटली, गोणी मागं ओढली गेली आणि बुधा तिच्यासकट खाली आला. मणका गेला. दसऱ्याच्या आधी बुधाही गेला.

त्या पाच महिन्यांत जो जो भेटायला आला त्याला बुधा एकच सांगायचा, "पाय घसरला." फकिरा बहुतेक वेळा उशाशीच बसलेला असायचा. तो ऐकून घ्यायचा. खरं काय झालं ते एकट्या फकिराला माहीत होतं, निदान तो तसं समजत होता. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता सांगायचा माणूसच राहिला नाही.

त्याच दिवाळीनंतर बुधाची बायको चिमणाबाई त्याच खळ्यावर निवडायला यायला लागली. तिची जागा बायांच्या रांगेत पहिली, फकिराच्या अगदी समोर. त्या दिवसापासून फकिरा शिवायला बसताना भिंतीकडं तोंड करून बसायला लागला. लोक म्हणायचे, तिकडून उजेड चांगला येतो म्हणून बसतो. उजेड खरं तर उलट्या बाजूनं यायचा.

मात्र त्यानंतर त्याच्या हातून बिनकानाची एकही गोणी गेली नाही. एखादं काम माणूस पोटासाठी करतो, एखादं सवयीनं करतो, आणि एखादं असं असतं की ते सोडलं तर आतून काहीतरी कोसळेल. फकिराचं शिवणं हे असं तिसऱ्या जातीचं काम झालं होतं.

दोन हजार पाचच्या सुमाराला इथला कांदा पंजाबातून वाघा सरहद्दीच्या रस्त्यानं पलीकडच्या देशात जायला लागला. खळ्याचा ड्रायव्हर केरू पहिली खेप करून आला आणि चहाची बशी हातात घेऊन त्यानं तिकडचं सगळं रंगवून सांगितलं. गाडी सरहद्दीच्या अलीकडंच थांबते. जमिनीवर एक पांढरी रेघ आहे. इकडच्या हमालांचे डगले एका रंगाचे, तिकडच्यांचे दुसऱ्या. इकडचा हमाल डोक्यावर गोणी घेऊन रेघेपर्यंत जातो, तिकडचा समोर येऊन उभा राहतो आणि गोणी ह्या डोक्यावरून त्या डोक्यावर जाते.

"पाऊल पलीकडं पडता कामा नये," केरू म्हणाला. "बंदूकवाले उभेच असतात दोन्हीकडं. आपला कांदा जातो, आपण नाय."

बाया हसल्या. फकिरा भिंतीकडं तोंड करूनच बोलला. "देताना दोघंबी धरत असतील ना? एका टायमाला?"

"धरतात की. ह्यानं सोडायच्या आत त्यानं धरलं पायजे. नाय तर गोणी दोघांच्या मधी."

"मग त्यो धरतो कुठं? कान तर ह्याच्या हातात."

केरूनं बशी खाली ठेवली. "आता ते मी काय बघितलं नाय बा."

दुसऱ्या दिवसापासून फकिरा गोणी भरायच्या आधी तिच्या बुडाच्या दोन कोपऱ्यांत एकेक कांदा घालून बाहेरून सुतळी आवळायला लागला. दोन कान देणाऱ्याचे, दोन घेणाऱ्याचे. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचा, सवय हाय.

दोन वर्षं ह्या चार कानांच्या गोण्या डोक्यावरून डोक्यावर गेल्या. मग दोन हजार सातच्या पावसाळ्यानंतर दोन्ही सरकारांचं ठरलं की गाड्या आता सरळ रेघ ओलांडून पलीकडच्या शेडात जातील, तिथं रिकाम्या होतील आणि दिवस मावळायच्या आत परत येतील. ही बातमी आली त्याच आठवड्यात खळ्याचा मालक शेखर गोण्या शिवायचं विजेचं मशीन घेऊन आला. शेखर वाईट माणूस नव्हता. वयानं फकिराहून वीस वर्षांनी लहान, पण फकिराभाऊ म्हटल्याशिवाय त्याला हाक मारत नव्हता.

"फकिराभाऊ, मशीन तुम्हीच चालवायचं," तो म्हणाला. "तुमचं काम जात नाही, पगारही जात नाही. फक्त ते कान बंद करा. आता रेघेवर कोणी उचलतच नाही. तुमच्या कानांपायी गाडीला अर्धा दिवस जास्त लागतो, आणि पंजाबपर्यंतच्या वाटेत कांदा थांबत नाही, सडतो."

बोलणं रास्त होतं.  फकिरानं मशीन हातात घेतलं. ते तोंडावरून भुर्रकन गेलं आणि गोणीचं तोंड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ शिवलं गेलं. तेरा वर्षांपूर्वीच्या वीस गोण्या त्याच्यासमोर पुन्हा उभ्या राहिल्या. त्यानं ती गाडी तशीच भरू दिली. त्या दिवशी सोडलेली भाकरी त्यानं तशीच फडक्यात बांधून घरी नेली.

केरू बारा दिवसांनी परतला. सकाळची वेळ होती, बाया रांगेत बसून निवडत होत्या, शेखर दारात उभा राहून कोणाशी तरी फोनवर बोलत होता. केरूनं बसल्या बसल्या सुरू केलं.

"फकिरादादा, तुझं तेरावं घालून आलो तिकडं."

"काय बोलतो रे मेल्या," एक बाई म्हणाली.

"खरंच. शेडात गाडी लावली. तिकडचा एक म्हातारा हमाल हाय, पांढऱ्या दाढीचा, आधी रेघेवर आपल्या गोण्या घ्यायचा त्यो. गोणी ओढायला गेला, हिकडून चाचपली, तिकडून चाचपली, उलटी करून बघितली. मग मला विचारतो, 'वो कानवाला मर गया क्या?'"

बाया खळखळून हसल्या. केरूही हसला. चिमणाबाई हसली नाही आणि फकिराही हसला नाही. त्यानं मशीन खाली ठेवलं, उठला आणि दारात शेखरपुढं जाऊन उभा राहिला.

"शेठ, कान पायजेत."

शेखरनं फोन बंद केला. "भाऊ, हे बोलून झालंय आपलं."

"गाडी रेघ वलांडती, पर खाली माणूसच करतो ना?"

"सगळ्या जगात माणूसच करतो. बाकीच्यांच्या गोण्या जातातच की सरळ शिवून. तुम्हाला एवढं का लागलंय ते सांगा. सवय हाय म्हणू नका. नीट कारण सांगा, मी ऐकतो."

फकिराला कळलं की आता दोनच वाटा आहेत. गप्प बसावं आणि मशीन चालवावं. पुन्हा कोणी विचारणार नाही, बुधाचा पाय घसरला होता तो घसरलेलाच राहील. नाहीतर बोलावं, आणि ते चिमणाबाईच्या देखत बोलावं. तो वळला. तेरा वर्षांत पहिल्यांदा तो रांगेकडं तोंड करून उभा राहिला.

"बुधाचा पाय नव्हता घसरला," तो म्हणाला. "त्याच्या गोणीला कान नव्हते. ती मी शिवली व्हती. घाई केली. वीस गोण्या तशाच दिल्या."

निवडणारे हात थांबले. फक्त चिमणाबाईचे चालू होते. तिनं हातातला कांदा फिरवून बघितला, वाळलेलं डेख मोडलं, चांगल्याच्या ढिगात टाकला.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

फकिराला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"त्या दिवशी मी त्यांची भाकर घेऊन आल्ते. सांडलेलं कांदं मीच गोळा केलं. गोणीचं तोंड सरळ व्हतं, मी बघितलं. त्यांनाबी ठाव व्हतं."

"मग त्यो पाय घसरला का म्हणायचा?"

"तुमी उशाशी बसलेले असायचे ना," चिमणाबाई म्हणाली. "तुमच्या देखत दुसरं काय म्हणनार?"

तिनं पुढचा कांदा उचलला. 

"पैल्या वर्षी लय राग व्हता. वाटायचं, येऊन सांगतील. तुमी आले नाय. मग तुमचं कान बघत बसले. येकबी गोणी सुटली नाय, ते बघितलं. पर भावजी, तेरा वर्सं भिंतीला तोंड लावून बसले. माज्या तोंडाला काय झालं व्हतं?"

फकिरा खाली बसला. 

शेखर दारातून आत आला. त्यानं खाली ठेवलेलं मशीन उचलून बघितलं. "मधे मशीन मारून टोकाला हातानं कान बांधता येतील का?"

"येतील," फकिरा म्हणाला. "बुडाचे आधी बांधावे लागतील. त्याला दुसरा हात लागंल."

चिमणाबाईनं ढिगातली एक रिकामी गोणी ओढून घेतली. तिच्या कोपऱ्यात एक कांदा घातला, तरट मुठीत आवळलं आणि दुसरा हात सुतळीसाठी फकिरापुढं केला. त्यानं सुतळी तोडून दिली. मग आपलं बसायचं तरट भिंतीपासून उचललं आणि रांगेच्या समोर आणून टाकलं.

दोन दिवसांनी गाडी भरली. केरू वर चढून बसला, आणि खिडकीतून खाली वाकला.

"फकिरादादा, त्या दाढीवाल्याला काय सांगू?"

फकिरानं चिमणाबाईकडं पाहिलं.

"जित्ता हाय म्हनावं," ती म्हणाली, आणि पुढच्या गोणीत कांदा घातला.