झुंबरबाई आणि आमदनीचा टॅक्स

झुंबरबाईचा आवाज कुंभार पिंपळगावात सगळ्यांना ठाऊक होता. तिनं बांधावरून हाक मारली की नाल्यापलीकडचे बैल माना वर करत. लग्न होऊन आली तेव्हा सासरे म्हणाले होते, "सूनबाई, जरा हळू. घरात कुणी बहिरं न्हाई." तेव्हापासून ती घरात पदर तोंडाशी धरूनच बोलायची. जोंधळा हुरड्यात आला म्हणजे मात्र राखणीला तिलाच धाडत. तिची एक आरोळी गेली की अख्ख्या शिवारातली पाखरं उठत. गोफण हातात तशीच राही.

सासरे गेले, पण घर एकच राहिलं. झुंबरबाईचा नवरा भुजंग थोरला, रामराव धाकटा. रामरावची बायको तुळजाबाई आणि झुंबरबाई या जावा एका ताटात जेवायच्या.

त्या वर्षी पलीकडं हिंदुस्थान स्वतंत्र झालेला, इकडं निजामाचंच राज्य चालू. दिवस तसे धास्तीचे. त्यात एका सकाळी दवंडी आली, "सरकारनं आमदनीवर टॅक्स बसवला आहे होऽऽ!" एवढंच सांगून दवंडीवाला पुढच्या गावाला गेला. आमदनी म्हणजे कुणाची, किती, कशाची, ते काही त्यानं सांगितलं नाही. मग लोकांनीच ते भरून काढलं. कुणी म्हणालं, दुभत्या म्हशीवर टॅक्स आहे. कुणी म्हणालं, बायांच्या अंगावरचे डाग, म्हणजे दागिने, मोजायला माणसं येणार. आणि बाजारातून रामराव जे ऐकून आला त्यानं तर घरच हादरलं.

"दादा, वाईट वाटून घेऊ नको," तो भुजंगला म्हणाला, "पण एका चुलीवर जेवणाऱ्यांची आमदनी एकत्र धरून राह्यले. दोघांची मिळून मोठी दिसंल. वेगळं झालो तरच वाचू."

भुजंगनं नाइलाजानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीत तुळजाबाई नव्या चुलीसाठी चिखल मळत होती आणि डोळे दंडाला पुसत होती.

झुंबरबाईनं पदर तोंडाशी धरला आणि विचारलं, "भाऊजी, हे कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणून राह्यले, वहिनी."

"सगळे म्हंजे कोण? सरकारच्या माणसानं सांगितलं का?"



गावात किराणा आणि सरकीचा व्यापार करणारे मदनलाल शेट होते. त्यांचे आजे राजस्थानातून आलेले. शेट मराठीही बोलत आणि उर्दूही. टॅक्सची काळजी त्यांना सगळ्यांत जास्त. ते अंबडला जाऊन आले आणि सांगत सुटले, "येत्या बाजाराला आपल्या गावात टॅक्सचे अंमलदारसाहेब येणार! ज्याला जे विचारायचं ते विचारा!"

झालं! त्या बाजाराला आसपासची गावंच्या गावं लोटली. भाजीपेक्षा माणसंच जास्त. लिंबाखाली बाज टाकलेली, तिच्यावर अंमलदार. माणूस सभ्य, मवाळ, पण आवाज इतका बारीक की चौथ्या माणसापर्यंत पोचेना. त्यात बोलणं उर्दूत. मदनलाल मराठी करून सांगत, पुढचे मागच्यांना सांगत, मागचे त्यांच्या मागच्यांना. मधेच शेळ्या ओरडत होत्या, बांगड्यावाला ओरडत होता.

पार मागं, बैलगाड्यांपाशी बाया उभ्या होत्या. पुढून शब्द सरकत सरकत आला आणि त्यांच्यापाशी पोचेपर्यंत एवढाच उरला: "शेतीवर टॅक्स!"

एकच गिल्ला उठला. बाया रडायला लागल्या. कुणी गाडी जुंपायला धावला, कुणी पुढं घुसायला लागला. बाजेभोवतीचे शिपाई सावरून उभे राहिले. रामराव ओरडला, "बघ दादा! सांगत नव्हतो?"

झुंबरबाई गाडीच्या साटीवर चढली. पदर तोंडावरून खाली आला.

"थांबाऽऽऽ!"

बाजार जागच्या जागी थांबला. शेळ्यासुद्धा गप्प झाल्या.

"साहेब! शेतीवर टॅक्स हाये का न्हाई? एकदा बराबर सांगा!"

अंमलदार बाजेवरून अर्धवट उठले होते. कोण बोललं ते त्यांनी मान उंचावून पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. मदनलालच्या कानाशी ते काही बोलले. शेटनी हात हलवला, "बाई, साहेब म्हणतात, माझा आवाज इथंच राहतो, तुम्ही इकडं या!"

झुंबरबाईनं भुजंगकडं पाहिलं. एवढ्या माणसांत, साहेबापुढं? भुजंगनं गाडीच्या चाकावर हात टेकला होता. तो म्हणाला, "जा. आज हळू बोलू नको."

गर्दीनं वाट दिली. ती बाजेपाशी उभी राहिली. साहेब बोलले, मदनलालनी मराठी केलं आणि झुंबरबाईनं छाती भरून ते बाजारावर फेकलं.

"शेतीच्या आमदनीवर ह्यो टॅक्स न्हाईऽऽ! शेतसारा हाये तसाच!"

काय कल्ला झाला! फेटे उडाले, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली. आणि मग सवालांचा पाऊस पडला. मागून विचारलेला सवाल झुंबरबाई पुढं आणायची, पुढचं उत्तर मागं पोचवायची.

"अंगावरचा डाग?"

"डाग म्हंजे आमदनी न्हाई! घाला खुशाल!"

"घरच्या म्हशीचं दूध?"

"घरी प्यालेल्या दुधाची आमदनी होत न्हाई!"

"पोरगा जालन्यात कापसाच्या जिनिंगमधी पगारी हाये. त्याचा पगार बापाच्या नावावर चढतो का?"

"ज्याचा पगार त्याचाच हिशोब! आन् ठरलेल्या रकमेच्या आत असंल तर त्यालाबी टॅक्स न्हाई!"

मग मदनलालनी स्वतःचा सवाल हळूच पुढं केला. तीन भाऊ, एकत्र कुटुंब, एकच दुकान. मग तिघांचे तीन हिशोब, की एक? साहेबांनी उत्तर दिलं. शेटचा चेहरा उतरला. ते मराठी करून सांगायला जरा घुटमळले, पण सांगितलं.

"एकत्र कुटुंबाचं दुकान, तर हिशोब एकच! मदनशेटला टॅक्स भरावा लागंलऽऽ!"

बाजार खो खो हसला. "अगं बाई, इतकं जोरात?" शेट कपाळाला हात लावून म्हणाले आणि तेही हसायला लागले.

आता तिचा स्वतःचा सवाल राहिला होता. तो विचारताना मात्र तिचा आवाज कापला. "साहेब, दोघं भाऊ, एक चूल, निव्वळ शेती. वेगळं व्हायला लागतं का?"

अंमलदार हळू बोलले, "शेतीवर टॅक्सच नाही, तर चूल एक असो की चार. कशाला घर तोडता?"

एवढं उर्दू तिलाही कळलं, हे मराठी करायची गरजच नव्हती. झुंबरबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी ती ओरडली, "भाऊजी, ऐकलं का? घर तोडायचं न्हाईऽऽ!"

रामराव गर्दीतून धावत सुटला. घरी पोचला तेव्हा तुळजाबाई नवी चूल लिंपत बसली होती. "मोड ती!" तो दारातूनच ओरडला. तुळजाबाईनं विचारलंसुद्धा नाही का म्हणून. ओल्या चुलीवर तिनं दोन्ही पाय दिले.

पुढच्याच आठवड्यात सकाळी दारात अनोळखी गाडी उभी राहिली. शेजारच्या जांब गावचे चौघेजण आले होते. त्यातले म्हातारे बद्रीनाथ ओसरीवर टेकले आणि भुजंगला म्हणाले, "साहेब आज आमच्या गावी येऊन राह्यले. पण त्यांनी निरोप धाडला, पिंपळगावच्या बाईला आधी आणा, मंगच मी बोलतो. काय म्हणता, पाटील?"

"मला काय विचारता?" भुजंग म्हणाला. "तिलाच विचारा."

झुंबरबाई आतून नवं लुगडं नेसूनच बाहेर आली, तिच्यामागं तुळजाबाई भाकरींचं गठुडं घेऊन. "मीबी येते," तुळजाबाई म्हणाली, "जाऊबाई बोलतील, मी पाणी देईन." दोघी जावा गाडीत चढल्या. बैल निघाले. वेशीपाशी कुणीतरी विचारलं, "कुठं निघाल्या गं?"

"जांबलाऽऽ!" झुंबरबाई म्हणाली, आणि नाल्यापलीकडून कुणीतरी तिला ओ दिली.