एका आकड्याने

भाऊलाल थोडक्यात हरला की त्याचा चेहरा उजळायचा. गोंदियात माझ्या शेजारी राहणारा हा ऑटोवाला रोज सट्ट्यावर एक दोन अंकी आकडा लावायचा. सत्तेचाळीस लावला आणि अठ्ठेचाळीस आला, की जिंकल्यासारखा माझ्या दारात उभा. "गुरुजी, घासून गेला जी! जवळ येऊन राहिला. उद्या सोडत नाही."

भलताच आकडा आला तर मात्र मुकाट्याने जेवून झोपायचा. दुसऱ्या दिवशी कधीकधी खेळायचाही नाही.

मी शाळेत गणित शिकवतो. एकदा त्याला ओट्यावर बसवून म्हटलं, "अरे, सत्तेचाळीसपासून अठ्ठेचाळीस जेवढा लांब, तेवढाच बाराही लांब. आकडा काय चालत चालत तुझ्याकडे येतो?"

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमाले हिसाब येते जी. मले वास येते."

त्याची बायको देवका घरी बिड्या वळायची. तिला नवरा माझ्यापेक्षा जास्त समजला होता. "पुरा हारला असता तं कवाच सुटला असता," ती म्हणायची. "हा अर्धा जिंकते, तेच वाईट हाय." त्या अर्ध्या जिंकण्यापायी त्यांच्या पोरीचं कॉलेज सुटलं आणि ती कापडाच्या दुकानात उभी राहू लागली. भाऊलालला ते दिसत नव्हतं असं नाही. आकडा लागला की तिला पुन्हा कॉलेजात घालणार होता.

एका दुपारी मी त्याच्याच ऑटोत होतो. चार वाजता मोबाइलवर निकाल यायचा. त्याने खाली पाहिलं, आणि तेवढ्यात वळणावर डोक्यावर बोजा घेतलेली एक बाई समोर आली. मी ओरडलो. ब्रेक लागला तेव्हा चाक तिच्या पायाशी होतं.

"डोळे फुटले का रे तुये?" ती कडाडली, बोजा सावरला आणि चालू लागली.

"थोडक्यात वाचली," मी म्हणालो.

भाऊलालने ऑटो बाजूला घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "थोडक्यात हुकलं म्हंजे पुढच्या खेपेस लागते. मीच बोलतो ना जी?"

हा हिशेब साफ चुकीचा होता. मी दुरुस्त केला नाही.

त्या दिवसापासून त्याने आकडा लावला नाही. ओढ मात्र गेली नाही. चार वाजत आले की तो ऑटो बंद करून माझ्याकडे यायचा. "काई तरी बोलत राहा गुरुजी. कायबी बोला." मग मी धानाचा भाव, शाळेतली भांडणं, पाण्याचा नळ, सुचेल ते बोलायचो. साडेचार झाले की तो उठायचा. पुढच्या वर्षी पोरीला त्याने स्वतः कॉलेजात नेऊन सोडलं.

नंतर माझी केशोरीला बदली झाली. सामान ट्रकवर चढवताना त्याने विचारलं, "आता कोन बोलंल?" मी म्हणालो, "फोन कर." तेव्हापासून रोज चारला फोन येतो.

रविवारी निकाल नसतो, म्हणून फोनही नसतो. परवाच्या रविवारी तरीही त्याचा फोन आला. मी जरा घाबरलोच. "काय रे, आज कायले?"

"असाच केलो जी," तो म्हणाला. "तुमी जेवले का?"