आठाने भागलेला मसालेभात

गणितात मी सहसा चुकत नाही. आमच्या वास्तुशांतीची पंगत उपाशी राहिली तीसुद्धा अचूक गणितामुळेच.

खराडीत नवा फ्लॅट घेतला होता. निवृत्त गणितशिक्षक असलेले सासरे पहिल्यांदाच घर पाहायला येणार होते. (लग्नात त्यांनी माझ्याकडे, चुकलेल्या उत्तराकडे बघावं तसं बघितलं होतं.) त्यांच्यावर छाप पाडायची मला फार इच्छा होती.

आठवडाभर आधी मी लेकीला अपूर्णांक शिकवत होतो. "आठ छेद चोवीस असं लांबलचक कशाला ठेवायचं? वरखाली आठाने भाग. एक छेद तीन. किंमत तीच, सुटसुटीत!"

तेवढ्यात बायकोने मसालेभाताची यादी हातात दिली. "अहो, कंपनीच्या बसला जाताना ही लेले काकूंकडे टाका."

तांदूळ चोवीस वाट्या, तोंडली आठ, मटार आठ. सगळे आकडे आठाच्या पाढ्यातले आणि भागलेला एकही नाही. मला बघवेना. प्रमाण तेच राहतं, मग बिघडलं काय? कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: तीन, एक, एक.

घरगुती ऑर्डरी घेणाऱ्या काकूंच्या दारावर पाटी होती: 'ऑर्डर लेखी द्यावी. आम्ही शंका विचारत नाही, आपणही विचारू नयेत.' मी कागद दाराच्या फटीतून सरकवला आणि हिंजवडीची बस पकडली.

वास्तुशांतीच्या दिवशी काकू एक डबा घेऊन आल्या.

"बाकीचा भात रिक्षात आहे का?" बायकोने विचारलं.

"कुठला बाकीचा? कागदावर होता तेवढा केला."

"अहो, चाळीस माणसं आहेत."

"ते कागदावर नव्हतं."

बायकोने कागद पाहिला, अक्षर ओळखलं आणि तो वडिलांच्या हातात दिला. सासऱ्यांनी चष्मा लावला. तिने मूळ यादी सांगितल्यावर म्हणाले, "भागाकार बरोबर आहे."

मी सुखावलो.

"आता जावईबापू, माणसांनाही आठाने भागा. पाच जण इथे जेवतील. उरलेल्यांचं तुम्ही बघा."

पस्तीस पाहुण्यांना घेऊन मी कोपऱ्यावरच्या उडप्याकडे गेलो. पाच जणांत माझा नंबर नव्हता, हे सांगायला नकोच.

हल्ली घरात कार्य असलं की मला एकच काम मिळतं, पाहुण्यांच्या चपला जागेवर लावायचं. त्यातही लेक शेजारी उभी राहून बजावते, "बाबा, दोन्ही ठेव हं. भागू नकोस."