लाल म्हणणारं कुणी नव्हतं

बाबांची स्मरणशक्ती तपासायला मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि तिथेच विसरून आलो.

बाबा झाशीचे रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर. नोकरीत दारूचा थेंब नाही (ड्यूटीआधी यंत्रात फुंकावं लागे), पण रिटायर झाल्यावर संध्याकाळी दोन पेग आणि दिवसभर बिड्या. गेल्या महिन्यात त्यांनी आईसाठीही चहा ओतला. आईला जाऊन दोन वर्षं झालीत. मी लगेच डॉक्टरांची वेळ घेतली.

"बाबा, दारू-बिडीनं म्हातारपणी डोकं कामातून जातं."

"आणि पन्नाशीत?"

माझ्या खिशात सिगारेटचं पाकीट होतं, म्हणून मी विषय बदलला.

डॉक्टर म्हणाले, "दादाजी, तीन शब्द याद रखिए. आम, चाबी, घोड़ा. थोड़ी देर में पूछूँगा." मग मी बाबांच्या व्यसनांचा पाढा वाचला.

"और आप?"

"मैं? कभी-कभार."

"रोज पीता है," बाबा म्हणाले. "बाथरूम की खिड़की में."

डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. काय निघेल याच विचारात होतो. मी सिगारेट ओढली, सवयीनं स्कूटरला किक मारली आणि निघालो.

स्कूटरवर बाबा मागून सिग्नल पुकारतात. "लाल!" मग मीही "लाल" म्हणायचं. इंजिनात ड्रायव्हर आणि सहायक दोघांनी म्हणायचं असतं, तोच नियम. इलाइट चौराह्यावर मी सरळ पुढे गेलो. पोलिसाची शिट्टी वाजली. आज लाल कुणी म्हटलंच नव्हतं. मागे पाहिलं तर सीट रिकामी.

स्कूटर वळवून परतलो. बाबा बाकावर हेल्मेट घालून बसले होते.

"आम, चाबी," ते म्हणाले. जरा थांबले. "घोडा."

डॉक्टर म्हणाले, "उम्र के हिसाब से ठीक है. पर बीड़ी-दारू बंद. दोनों की."

"मग तो चहा, बाबा?"

"ती गेली हे विसरलो नाही रे. एकाच कपाचा चहा मला करता येत नाही."

मला रडू आलं. त्यांनी खांद्यावर थोपटलं आणि हातात डॉक्टरांची एक चिठ्ठी दिली. तिच्यावर माझं नाव होतं.

आता सोमवारी माझी तपासणी आहे. बाबा नेणार आहेत, त्यामुळे मी घरी परत येईन याची खात्री आहे.