फक्त नाकाचे डॉक्टर

ज्याचं नाक बंद असतं तो माणूस गप्प बसत नाही, हे मला निवृत्तीनंतर कळलं. श्वासासाठी तोंड उघडंच असतं, बोलायला वेगळे कष्ट पडत नाहीत. दादरला नाकाच्या एका डॉक्टरांकडे मी केसपेपर लिहायला बसतो. कचेरीतल्या सगळ्या नोकरीत ऐकलं नाही तेवढं इथे सर्दीच्या एका मोसमात ऐकलं.

*

डॉक्टरांच्या पाटीवर सात ओळी आहेत. आधी सगळ्या शरीराची पदवी, मग कान-नाक-घशाची, मग नुसत्या नाकाची, शेवटी परदेशात जाऊन नाकामागच्या पोकळ्यांची. लालबागचे परबकाका पाटी शेवटपर्यंत वाचून म्हणाले, "शिकत गेले तसतसा पेशंट कमी कमी होत गेला की हो! आणखी एक परीक्षा दिली तर डावी नाकपुडीच उरेल!"

*

गिरगावच्या एक काकू कान दुखतो म्हणून आल्या. मी सांगितलं, "डॉक्टर फक्त नाक बघतात."

"अहो, कान तिथून चार बोटांवर आहे! तेवढ्यासाठी दुसरी टॅक्सी करू?"

*

परळच्या एका मंडळाने डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं. सेक्रेटरींनी परिचयात सातही ओळी वाचल्या, मग परदेशातली हॉस्पिटलं, मग उलट्या दिशेने पार बालवाडीपर्यंत गेले. डॉक्टरांना पाच मिनिटं उरली. त्यांनी कळकळीने सांगितलं, "सर्दी झाली की वाफ घ्या."

पहिल्या रांगेतल्या आजी शेजारणीला म्हणाल्या, "इतकं शिकून वाफच?"

*

शीव कोळीवाड्याच्या हिराबाई मासळी विकतात. त्यांना वास येईनासा झाला होता.

"डाक्टर, एकदा गिऱ्हाइकाला शिळं गेलं का सगळं नाव गेलं. बाजारात बसू का घरी बसू, तेवढं सांगा."

नाकात मांस वाढलं होतं. ऑपरेशन झालं. महिन्याभराने डॉक्टरांनी तपासणीच्या बाटल्या पुढे केल्या. लवंग, कॉफी, लिंबू. हिराबाईंनी सगळं बरोबर ओळखलं. डॉक्टर खूश. हिराबाई नाहीत.

"मी काय लवंगा इकते?"

सोबत आलेल्या सुनेने दोन बंद पिशव्या टेबलावर ठेवल्या. एकीत आजचं पापलेट, दुसरीत कालचं. कुठलं कशात, ते एकट्या सुनेला ठाऊक.

"आधी तुमी सांगा, डाक्टर. बघायचं नाय, निस्ता वास!"

डॉक्टरांनी दोन्ही पिशव्या हुंगल्या, विचार केला, पुन्हा हुंगल्या आणि उजवीकडची उचलली. "हे ताजं!"

हिराबाईंनी तीच पिशवी नाकाशी नेली. डोळे मिटले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"हे कालचं."

सुनेने मान डोलावली. "बरोबर, आई!"

"उद्यापासून बाजारात बसते," हिराबाई म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची डॉक्टरांच्या जवळ सरकवली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"तुमाला कधीपासून होतंय असं?"