देवीचा कौल आणि काळ्या शेवया

गेल्या उन्हाळ्यात मी देवीवर रागावले होते. राग अजून पुरता गेलेला नाही.

बाबांच्या घशाला किरणांचे उपचार सुरू व्हायच्या आधी त्यांनी कुणाला न विचारता मुळगावच्या देवीला नवस बोलून टाकला : उपचार संपले की डिचोलीहून चालत तुझ्या पायांशी येईन, तोवर धान्य शिवणार नाही. उपचार संपले. पण चालायला अंगात ताकद नव्हती, आणि ताकद यायला जेवण हवं होतं. साबुदाणा घशात अडकायचा, रताळ्याने मळमळायचं, गरम काही गिळवत नव्हतं. वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत्या मात्र उंबऱ्यात बसून म्हणायची, "देवीक दिल्लो शब्द मोडू नये गे बाय." मी नेहमीच गप्प असते. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझा राग मनातसुद्धा इंग्रजीतच येतो. तो देवीला कळत असेल का, याचीही मला चीड यायची. लेकराला उपाशी ठेवून वाट बघणारी ही कसली आई?

मी समुद्राजवळ चोपड्याला नदीकाठच्या एका गेस्ट हाउसमध्ये पाहुण्यांच्या नोंदी करते. तिथे एक वयस्क जपानी बाई उतरल्या होत्या. 'सोबा' नावाच्या, थंड खायच्या शेवयांसाठी त्यांनी किनाऱ्यावरची दुकानं पालथी घातली. मिळाल्या त्या सगळ्यांत गहू मिसळलेला, तो त्यांना चालत नव्हता. शेवटी स्वतःजवळची उरलेली दोन पुडकी घेऊन त्या आमच्या स्वयंपाकघरात आल्या. एकातल्या शेवया त्यांनी उकळल्या आणि बर्फाच्या पाण्यात हलक्या हाताने चोळून चोळून धुतल्या. मी सहज पुडकं वाचलं. नुसतं बकव्हीट. म्हणजे कुट्टू! आमच्याकडे कामाला असलेली उत्तरेतली एक मुलगी नवरात्रात उपासाला याच पिठाच्या पुऱ्या करते, कारण ते धान्यात धरत नाहीत.

पाहुण्यांशी कामापलीकडे न बोलणारी मी त्या दिवशी त्यांना सगळं सांगून बसले. त्यांनी दुसरं पुडकं माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "ह्यासोबतची आमची चटणी मात्र नको. तिच्यात मासळी असते."

घरी बाबांनी पुडकं उलटसुलट पाहिलं. "ह्यात तांदूळ ना मगे?"

"तांदूळ ना, गहू ना."

"तू सांगून कितें? देवीक विचार."

मी दात-ओठ खात स्कूटर काढली. मुळगावच्या देवळात कौल लावायला भटजींनी देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी ठरवूनच गेले होते : डावी पडली तरी घरी उजवी सांगायची. भटजींनी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "ह्या चेडवाच्या बापायन जपानातल्यो शेवयो खाल्ल्यार चलता काय, तें सांग गो माये!" मागे कुणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले. आणि गाऱ्हाणं पुरतं संपायच्या आत उजवी पाकळी खाली आली.

मला रडू आलं नाही. आला तो रागच. इतकं सोपं होतं, तर इतके आठवडे त्यांना का वाळवलंस? हे मी तिच्या तोंडावर विचारलं. मनातच, पण पहिल्यांदा मराठीत.

घरी शेवया धुऊन गार केल्या. आमच्याकडे तांदळाचे शिरवाळे नारळाच्या गोड रसात खातात, तसाच रस काढून त्यात त्या सोडल्या. "शिरवाळे इतके काळे कशे गे?" म्हणत बाबांनी एक धागा ओठांत धरला. आत्या आणि मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो. तो घरंगळत खाली गेला. मग दुसरा. वाटी संपायला पाऊण तास लागला. मग त्यांनी ती पुढे केली. "आनीक आसा?"

पुडकं संपल्यावर मी कुट्टूचं पीठ मागवून शेवग्यातून, म्हणजे शेवेच्या साच्यातून, शेवया गाळायला शिकले. नळी टळली. नवस अजून फिटायचा आहे. सध्या ते कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत चालतात. शरण जाणं म्हणजे राग गिळणं, असं मी समजत होते. आता राग आला की तो घेऊन सरळ तिच्यापुढे जाते. तिने मला अजून एकदाही परत पाठवलेलं नाही. आई, एवढं तुझं मान्य आहे.